पावसाळी वाचन-शर्यत, विषय 'पाणी': आमचं 'व्हडें' कुठे तरलं, कुठे बुडालं

कपिलेश्वरीकर | सोमवार, रात्री ९:४०

मृगाच्या पहिल्या सरीला सुरू केलेली आपली शर्यत चवथीच्या आदल्या दिवशी संपली. निकाल सगळ्यांना ठाऊक आहे. 'मृगाचे किडे' पहिले, 'आषाढी' दुसरे, आम्ही 'व्हडें' (म्हणजे होडी) तिसरे आणि ज्यांनी हौसेने 'तिसऱ्या' असं नाव घेतलं होतं ते चौथे. (मी चार दिवस यावर हसतेय. क्षमा असावी, तिसऱ्यांनो.) अभिनंदन करून झालं, नेवऱ्याही वाटून झाल्या. आता दिवाळीनंतरच्या खेपेचे नियम ठरायच्या आधी थोडं बोलू द्या.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात: एका टीममध्ये पाच जण. छापील एका पानाला एक गुण, पुस्तक विषयात बसलं तर दुप्पट. पुस्तक मराठीच हवं. संपलं की टीमच्या वहीत चार ओळी लिहायच्या आणि रविवारी रात्री टीमने फोनवर एकत्र यायचं. वहीतल्या चार ओळी न लिहिल्यास गुण नाहीत, रविवार चुकवल्यास मात्र काही दंड नाही. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

पहिल्या पंधरवड्यात मी वेडीच झाले होते. पुस्तकाच्या दुकानात गेले आणि पुस्तक उघडायच्या आधी शेवटच्या पानावरचा आकडा पाहिला. आयुष्यात असं केलं नव्हतं. फोंडा-पणजी बशीत रोज जाऊन-येऊन अडीच तास मिळतात. पूर्वी त्यातला अर्धा वेळ खिडकीबाहेर जायचा. आता हिशेब सुरू झाला: म्हार्दोळपर्यंत आठ पानं, बाणस्तारीच्या पुलापर्यंत पंधरा, रायबंदरला पंचवीस व्हायलाच हवीत. पुस्तक दुधाच्या धुतलेल्या पिशवीत, कारण बशीची खिडकी आणि पाऊस यांचं जुनं सख्य. एक दिवस रायबंदरला मांडवी दिसायला लागली आणि लक्षात आलं की मागच्या अकरा पानांत काय घडलं ते मला सांगता येणार नाही, पण ती अकरा होती हे शपथेवर सांगता येईल.

मग विषयावरून भांडणं. म्हापशाच्या मिरचीने 'रणांगण' घेतलं. विश्राम बेडेकरांची १९३९ची छोटीशी कादंबरी, सगळी गोष्ट युरोपातून निघालेल्या बोटीवर. 'आषाढी'वाल्यांनी हरकत घेतली की यात समुद्र नुसता पडद्यासारखा मागे आहे, विषय युद्धाचा आणि प्रेमाचा आहे. त्यांनी शेवट वाचला असता तर ही हरकत घेतली नसती, एवढंच म्हणते. दुसरीकडे 'मृगाचे किडे' यांनी 'बनगरवाडी' दुप्पट गुणांत घातलं आणि ते मला शंभर टक्के पटलं. पाऊस पडत नाही म्हणून अख्खं गाव उठून जातं, याहून पाण्यावरचं पुस्तक कुठलं? पण मग नियम काय? पुस्तकात पाणी असलं तरी चालतं आणि नसलं तरी चालतं?

आणि आमच्याच टीममधल्या एका सद्गृहस्थाने (नाव घेत नाही, तो हा धागा वाचतोय) बाकीबाबांचा (म्हणजे बा. भ. बोरकरांचा) 'दूधसागर' हा कवितासंग्रह तासाभरात उरकून दुप्पट गुण वसूल केले. कवितेच्या पानावर निम्मी जागा कोरी असते. आम्हाला सुरुवातीला वाटलं होतं की पानांवर गुण दिले तर कवितेवर अन्याय होईल. झालं उलटंच, कविता म्हणजे गुणांची खाण ठरली. बोरीसारख्या जुवारी नदीकाठच्या गावच्या त्या कवीने पाऊस ज्या निवांतपणे लिहिला आहे, तो आम्ही पाव आणायला गेल्यासारखा आटपला.

आता मास्तर. आमच्या टीमचे पाचवे गडी, म्हार्दोळचे, निवृत्त शिक्षक. त्यांनी घेतलं फादर स्टीफन्सचं 'क्रिस्तपुराण'. मी मनात कपाळाला हात लावला. जवळजवळ अकरा हजार ओव्या! हा पाद्री इंग्लंडचा, १५७९ साली लिस्बनहून बोटीने गोव्यात आला, मराठी-कोंकणी शिकला आणि १६१९मध्ये मरेपर्यंत इथेच राहिला. ग्रंथ १६१६ साली आपल्या राशोलला छापला गेला, मराठी भाषा पण अक्षरं रोमन. त्या छपाईची एकही प्रत आज उरलेली नाही, पुढे हस्तलिखितांवरून तो वाचला-वाचवला गेला. मास्तरांकडे वाचनालयातून आणलेली देवनागरी प्रत. रोज पंचवीस ओव्या, त्याही मोठ्याने. तीन महिन्यांत ग्रंथ काही संपला नाही, म्हणून त्यांचे गुण शून्य. आमचा दुसरा नंबर १४० गुणांनी हुकला. मास्तरांनी एखादी जाडजूड कादंबरी घेतली असती तर आम्ही सहज वर असतो, हे टीममध्ये कोणी बोललं नाही, पण चौघांच्या मनात होतं. माझ्या तर होतंच.

पण जुलैच्या दुसऱ्या रविवारी मास्तरांनी फोनवर जलप्रलयाच्या ओव्या वाचल्या. बाहेर पाऊस, वीज गेलेली, फोनची बॅटरी नऊ टक्के. कळलं अर्धंच. पण त्यानंतर एकाही रविवारी एकही जण गैरहजर राहिला नाही, आणि त्याला गुण शून्य होते! मी त्या वहीतल्या चार ओळी गुणांसाठी लिहीत होते आणि रविवारच्या पाच मिनिटांसाठी पुस्तक नीट वाचत होते, कारण मास्तर हमखास विचारायचे, "मग पुढे त्याचं काय झालं?" तिथे 'अकरा पानं झाली' हे उत्तर चालत नाही.

म्हणून माझी सूचना: पानांचे गुण बंद करा. पुस्तक संपवल्याचे सरसकट दहा. आणि तुमचं ऐकून टीममधल्या दुसऱ्या कोणी तेच पुस्तक घेऊन संपवलं, तर तुम्हाला वीस. बोला.

---

म्हापशाची मिरची | सोमवार, रात्री १०:१५

आगो, 'रणांगण'ची जखम पुन्हा उघडलीस. त्या हरकतीचे ११२ गुण माझ्या हृदयात अजून खुपतात.

मास्तरांच्या रविवारची एक गोष्ट इथे नोंदवून ठेवते, कारण टीमच्या वहीत ती बसली नव्हती. मी फोन स्पीकरवर ठेवून स्वयंपाकघरात अळसांद्यांची भाजी करायचे. सासूबाईंना आधी वाटलं रेडिओवर कीर्तन लागलंय. मग बल्कांवावर (पुढच्या पडवीत) बसलेली शेजारची आंटी उठून खिडकीशी आली. तिला मराठी फारसं येत नाही, पण नावं ओळखीची लागली. तिने विचारलं, हा कोण भट आमच्या जेजूची कथा सांगतोय? मी म्हटलं, भट नाही, मास्तर, आणि लिहिणारा तुमचाच पाद्री, चारशे वर्षांपूर्वीचा. तर म्हणाली, मग काना गावच्या लग्नाचं आहे का त्यात, पाण्याचा सोरो केला ते? मास्तर तेव्हा पहिल्याच भागात होते, पण पुढच्या रविवारी त्यांनी खास तिच्यासाठी दुसरा भाग उघडला आणि लग्न लावलं.

तर परीक्षक मंडळी, पाण्याचा द्राक्षारस झाला. आता सांगा विषयात बसतं की नाही.

---

डिचोलीचा डबेवाला | सोमवार, रात्री १०:५२

तो सद्गृहस्थ मीच. लपण्यात अर्थ नाही.

नियमात बसत होतं, मी केलं. पण कपिलेश्वरीताई, तुमच्या पोस्टमधली एक गोष्ट मला मान्य नाही. तुम्ही लहानपणापासून वाचता. मी दहावीनंतर पहिलं पुस्तक या जूनमध्ये उघडलं, वय वर्षे ४१. का उघडलं? आकड्यासाठी. क्रिकेटच्या स्कोअरसारखा रोज रात्री तक्ता बघायचो. आकडा नसता तर मी तुमच्या रविवारच्या फोनवर आलोच नसतो, पुस्तकावर पाच मिनिटं बोलायचं या कल्पनेनेच घाम फुटतो. तुम्हाला जो आकडा टोचला त्याने मला दारातून आत आणलं. पहिल्या खेपेच्या माणसाला काहीतरी मोजता येण्यासारखं ठेवा.

आणि 'दूधसागर' मी नंतर पुन्हा वाचला, गुण न घेता. हे वहीत लिहिलं नाही कारण चेष्टा कराल.

तक्रार एक आहे. पुंडलीक नायकांचं 'अच्छेव' वाचलं. १९७७ची कादंबरी, खाणीने गाव कसं पोखरलं जातं त्याची. मी डिचोलीचा, खाणीच्या ट्रकांची लाल धूळ आणि पावसात लाल झालेली वझरं बघत मोठा झालो. पाणी या विषयावर मला याहून जवळचं पुस्तक मिळालं नसतं. गुण शून्य, कारण कोंकणी!

---

माशेल ते माटुंगा | मंगळवार, सकाळी ७:३०

डबेवाल्याच्या मुद्द्याला माझं पूर्ण अनुमोदन. 'पुस्तक मराठीच हवं' हा नियम मुंबईतल्या माणसाला साधा वाटेल, पण गोव्यातल्या वाचकाच्या घरातून तो सरळ जात नाही. सावईवेऱ्याच्या लक्ष्मणराव सरदेसायांनी मराठीत लिहिलं, कोंकणीत लिहिलं, पोर्तुगीजमध्येही लिहिलं. त्यांचं निम्मं कपाट शर्यतीत आणि निम्मं बाहेर? बाकीबाबांचा 'दूधसागर' दुप्पट आणि त्यांच्याच कोंकणी 'सासाय'ला भोपळा? माणूस तोच, गाव तेच, पाऊस तोच.

मी माटुंग्याला राहतो, चाळीस वर्षं झाली, तरी आईशी फोनवर कोंकणी, तिला पत्र लिहिताना मराठी. यात कधी कोणाला अडचण आली नाही.

---

संयोजक | मंगळवार, सकाळी ८:०५

मित्रांनो, लगेच सांगतो: गोव्याचा १९८७चा राजभाषा कायदा आणि १९६७चा (महाराष्ट्रात जायचं की नाही याचा) जनमत कौल हे दोन विषय या धाग्यावर आले की धागा बंद. मागच्या वेळी दोनशे प्रतिसाद झाले होते आणि त्यात एकाही पुस्तकाचं नाव नव्हतं.

नियमापुरतं बोलतो. 'मराठीच' हे मीच घातलं होतं, कारण नाहीतर निम्मी मंडळी इंग्रजी थ्रिलर आणतील ही भीती. कोंकणीचा विचार केला नव्हता, ही माझी चूक. पुढच्या खेपेला प्रत्येकाला एक 'शेजारचं पुस्तक' चालेल: कोंकणी, कुठल्याही लिपीत. चार ओळी मात्र मराठीत.

---

नवखी वाचक | मंगळवार, दुपारी १:२०

नमस्कार, मी मडगावला कॉलेजात आहे, 'तिसऱ्या'मध्ये होते (हो, चौथे आलो, हसा). मला दोन प्रश्न आहेत आणि एक कबुली.

कबुली आधी. मी बरीचशी पुस्तकं फोनवर वाचली. फोनवर अक्षर मोठं केलं की पानं वाढतात. मी चष्म्यामुळे अक्षर मोठंच ठेवते. एका पुस्तकाची छापील पानं किती ते मला माहीत नव्हतं, मी फोनवरची लिहिली. मी मुद्दाम नाही केलं! पण आता विचार करते तर आमचे गुण फुगलेले असणार आणि तरीही आम्ही शेवटचे आलो.

प्रश्न: १. जुनी मराठी पुस्तकं छापील कुठे मिळतात? २. 'निवेदन' कोणी वाचलंय का? आमच्या मॅडमनी सुचवलं होतं.

---

कपिलेश्वरीकर | मंगळवार, रात्री ९:१०

@नवखी वाचक, बाय, तुझ्या कबुलीने माझी अर्धी पोस्ट सिद्ध झाली. धन्यवाद!

पणजीला पाटोवर कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालय आहे ना, तिथे जा. १८३२पासूनचं ग्रंथालय आहे ते, पोर्तुगीज काळात 'पब्लिका लिव्रारिया' म्हणून सुरू झालेलं. मडगावहून बस थेट पाटोच्या स्टँडवर येते, तिथून चालत पाच-सात मिनिटं. मराठी विभागात जा आणि मोबाईल पिशवीत ठेव, नाहीतर तीन तास गेल्याचं कळणार नाही. कार्ड करून घे, बाकी ते सांगतील.

'निवेदन' मीच वाचलं, आमच्या टीमसाठी. धर्मानंद कोसंबींचं आत्मचरित्र. १८७६ साली सांखवाळला जन्मलेला माणूस, बुद्ध समजून घ्यायचा म्हणून घर सोडून निघतो; पुणे, काशी, नेपाळ, सिलोन. खिशात दमडी नाही. आजारपण, उपास, परक्या भाषा, आणि सांगण्याचा सूर असा की जणू बाजारात जाऊन आलो. मी ते विषयात बसवण्यासाठी 'लेखक जुवारीकाठचा' असं कारण दिलं होतं, ते आता आठवून लाज वाटते. त्या पुस्तकाला माझ्या दुप्पट गुणांची काय गरज होती! नक्की वाच. बशीत वाचू नकोस, स्टॉप चुकेल. माझा चुकला.

@डबेवाला, तुमचं म्हणणं काल रात्रीपासून डोक्यात आहे. खरं आहे. मला ते दिसलं नव्हतं, कारण दारातून आत येण्याचा त्रास मला कधी झालाच नाही.

---

किडा क्रमांक ३ | बुधवार, सकाळी ११:००

जिंकलेल्या टीमतर्फे दोन शब्द, कारण इथे असं वातावरण झालंय जणू आम्ही कणग्या चोरल्या.

आम्ही पानं मोजली, हो. कॅप्टनने रोजचा तक्ता ठेवला आणि दोन दिवस मागे राहिलेल्याने रविवारी सगळ्यांना मिर्ची भजी द्यायची असा दंड. पण आमचं सर्वांत आवडतं पुस्तक सर्वांत कमी गुणांचं होतं. दुर्गाबाई भागवतांचं 'ऋतुचक्र', १९५६चं. बारा महिन्यांवरचे लेख. आम्ही ठरवलं की ज्येष्ठ ज्येष्ठातच वाचायचा, आषाढ आषाढात, श्रावण श्रावणात. पाचही जणांनी तेवढीच पानं. बाई झाडापानांकडे ज्या बारकाईने बघतात ते वाचून आमचा एक किडा परसातल्या कुड्याला आणि तेऱ्याला पहिल्यांदा नावाने ओळखायला लागला. पुस्तक अजून संपलेलं नाही, कारण भाद्रपद चाललाय, आणि 'संपलं की गुण' या नियमामुळे त्याचे आम्हाला शून्य मिळालेत. वैशाखापर्यंत वाट पाहू.

आता कपिलेश्वरीकर यांच्या सूचनेतली फट दाखवतो. 'टीममधल्या दुसऱ्याने घेतलं तर वीस'. मी आणि क्रमांक ४ सख्खे मावसभाऊ. तो माझं घेईल, मी त्याचं घेईन, बसल्या जागी चाळीस-चाळीस. तासाभरात 'दूधसागर' संपवणाऱ्या जगात हे व्हायला किती वेळ लागेल?

वीस गुण द्यायचेच तर पुस्तक दुसऱ्या टीमच्या माणसाने घेतलं तरच द्या. स्पर्धकाला फुकट गुण कोण देतो? पुस्तक खरंच आवडलं तरच तो घेईल.

---

म्हापशाची मिरची | बुधवार, सकाळी ११:२६

किडा, हे जबरदस्त आहे. आणि 'आषाढी'वाल्यांना 'रणांगण' वाचायला लावायची सोयही झाली.

---

संयोजक | बुधवार, दुपारी ३:४५

क्रमांक ३ची दुरुस्ती घेतो. दिवाळीनंतरच्या खेपेचा कच्चा नियम असा: संपवल्याचे दहा. दुसऱ्या टीमच्या माणसाने तुमच्या सांगण्यावरून संपवलं तर तुम्हाला वीस, त्याला त्याचे दहा. ज्यांची ही पहिलीच खेप आहे त्यांना पानांचा तक्ता हवा असल्यास तोही चालू राहील, फक्त छापील पानं. कविता, ओव्या आणि महिन्यागणिक वाचायचं पुस्तक यांचं काय करायचं ते अजून सुचलेलं नाही.

विषयासाठी तीन सूचना आल्यात: 'प्रवास', 'स्वयंपाकघर', 'भांडण'. मतं द्या. माझं मत 'भांडण', इथे तयारी उत्तम आहे.

---

म्हार्दोळचे मास्तर | बुधवार, रात्री ८:३०

सर्वांस नमस्कार. टंकलेखन सावकाश होते, म्हणून उशीर.

कपिलेश्वरीकर यांच्या लेखनात एक दुरुस्ती. रोज पंचवीस ओव्या नव्हेत, वीस. पंचवीस मी ठरवल्या होत्या, जमल्या नाहीत. घसा बसतो.

आपल्या टीमला माझ्यामुळे दुसरा क्रमांक मिळाला नाही, हे मला पहिल्या महिन्यातच कळले होते. एक जाड कादंबरी आणूनही ठेवली होती. उघडली नाही.

ओव्यांना गुण कसे द्यावेत याचा विचार संयोजकांनी माझ्यासाठी करू नये. या वेगाने ग्रंथ संपायला अजून सव्वा वर्ष लागेल आणि तोवर मी शर्यतीत नसलो तरी रविवारच्या फोनवर असेन, चालत असल्यास. म्हापशाच्या आंटींना सांगावे की वादळ शांत करण्याचा प्रसंगही आहे, हवा तेव्हा वाचू.

एक अडचण मात्र आहे. ग्रंथाची मुदत शुक्रवारी संपते आणि गुडघ्यामुळे माझ्याने पणजीला जाणे होत नाही.

---

कपिलेश्वरीकर | बुधवार, रात्री ८:४४

मास्तर, गुणांचं जे मनात आलं होतं त्याबद्दल माफ करा.

शुक्रवारी सकाळी माझी बस सव्वासातच्या सुमारास देवळापाशी येते. मी डाव्या बाजूच्या खिडकीत असेन. पुस्तक आणि कार्ड खिडकीतूनच द्या, पायरी चढू नका. दुपारच्या सुट्टीत पाटोला जाऊन मुदत वाढवून घेते आणि संध्याकाळी परततानाच्या बशीतून घरी आणून देते.

---

म्हार्दोळचे मास्तर | बुधवार, रात्री ९:०२

येतो. पिशवी प्लास्टिकची आणावी, पाऊस आहे. आत खूण म्हणून बशीचे जुने तिकीट ठेवले आहे, ते तेवढे हलवू नये.